इटलीच्या कथालेखिका

इटालियन कथा म्हटली कीं आपल्याकडील सुशिक्षित वाचकाला बोकाच्चो आठवतो, फार तर पिरांदेल्लो आठवतो. दोघेही थोर खरे; पण आज त्यांच्या दारावरून आपल्याला पुढें जावयाचें आहे. ज्यांची ओळख मी आज करून देणार आहें त्या चार स्त्रिया आहेत. १८४० पासून १९३० पर्यंतच्या काळांत त्यांनीं कथा लिहिल्या, बहुधा वर्तमानपत्रांसाठीं आणि मासिकांसाठीं लिहिल्या, आणि त्यांना वाचक मिळाले. आज मात्र त्यांतील एकीचेंच नांव जगाला चांगलें ठाऊक आहे. आणि एक तर अशी आहे कीं तिच्या स्वतःच्या देशालाही तिचा विसर पडला होता.

या लेखिकांच्या कथा वाचतांना एक गोष्ट माझ्या मनांत वारंवार येते. त्यांच्या नायिकांचें दैव कोणा खलपुरुषाच्या कारस्थानानें फिरत नाहीं. तें फिरतें घरांत नसलेल्या एका छत्रीमुळें, डोळ्यांतल्या विकारामुळें, किंवा माहेरीं आतां दुसऱ्या कोणाची झालेल्या एका खोलीमुळें. अशा विषयांना टीकाकारांनीं बरेच दिवस 'लहान' म्हटलें. ते लहान नव्हते, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमि. इटली हें एक राष्ट्र झालें तें १८६१ सालीं. त्या वर्षाच्या खानेसुमारींत शेंकडा सुमारें ७८ माणसें निरक्षर निघालीं. बायकांत आणि दक्षिणेकडील प्रांतांत हें प्रमाण याहूनही अधिक होतें. १८६५ च्या दिवाणी कायद्यान्वयें विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीवांचून स्वतःची जमीन विकतां येत नसे, गहाण ठेवतां येत नसे, कर्जही काढतां येत नसे. हें बंधन उठलें १९१९ सालीं. मत प्रत्यक्ष देतां आलें तें १९४६ सालीं, आणि घटस्फोटाचा कायदा व्हावयास १९७० साल उजाडावें लागलें. श्रोत्यांनीं हीं सालें लक्षांत ठेवावीं. पुढच्या कथांत त्यांचा उल्लेख कोठेंही नाहीं, तरी प्रत्येक पात्र त्यांच्या भिंतींच्या आंत वावरत आहे.

वयानें सर्वांत वडील कातेरीना पेर्कोतो. १८१२ सालीं फ्रिउली प्रांतांतील एका सरदार घराण्यांत तिचा जन्म झाला. हा प्रांत इटलीच्या ईशान्य कोपऱ्यांत आहे, आणि १८६६ पर्यंत तेथें ऑस्ट्रियाचा अंमल होता. सरदार घराणें म्हटलें म्हणजे डोळ्यांपुढें झुंबरें आणि गालिचे येतात. पेर्कोतोच्या घरीं पदवी उरली होती, पैसा उरला नव्हता. उदीने शहरांतील जोगिणींच्या मठांत तिचें शिक्षण झालें, आणि त्या शिक्षणाविषयीं तिच्या मनांत शेवटपर्यंत अढी राहिली. मग ती सान लोरेन्त्सो या खेड्यांतल्या आपल्या घरीं येऊन राहिली. शेती पाहावी, रेशमाचे किडे पाळावे, आणि उरलेल्या वेळांत चिरूट ओढीत लिहावें, असा तिचा क्रम. एका ओळखीच्या धर्मोपदेशकानें तिचें लिखाण १८३९ सालीं त्रिएस्तेच्या एका नियतकालिकाकडे धाडलें, आणि ही खेड्यांतली बाई लेखिका झाली. तिच्या कथांतील माणसें म्हणजे तिच्या शेजारचे शेतकरी. एका कथेचें नांवच 'दुष्काळाचें वर्ष' असें आहे. १८१७ सालच्या अन्नान्नदशेची ती हकीकत. सरदार घराण्यांतल्या बाईनें दयेच्या भरांत गरिबांविषयीं लिहावें हा प्रकार युरोपांत नवा नव्हता. पेर्कोतोला पीक बुडालें म्हणजे काय होतें हें स्वतःच्या कोठारावरून कळत होतें, आणि तो फरक तिच्या वाक्यावाक्यांत दिसतो. १८५८ सालीं तिच्या कथांचा संग्रह फ्लॉरेन्सला निघाला. त्याला निक्कोलो तोम्माझेओ यानें प्रस्तावना लिहिली. हें नांव त्या काळीं फार मोठें होतें. पेर्कोतोची गांठ आपल्याला शेवटीं पुन्हा पडणार आहे, म्हणून तिला येथें थोडा वेळ थांबवून ठेवूं.

ग्रात्सिया देलेद्दा हिच्याविषयीं मी थोडक्यांतच बोलणार आहें; एक तर तिची कीर्ति कादंबऱ्यांवर उभी आहे, आणि दुसरें, १९२६ चें नोबेल पारितोषिक मिळाल्यामुळें तिची ओळख करून देण्याची गरज नाहीं. साहित्याचें तें पारितोषिक मिळविणारी दुसरी इटालियन स्त्री अद्याप झालेली नाहीं. सार्डिनिया बेटावरील नुओरो या डोंगरी गांवांत १८७१ सालीं जन्मलेली ही मुलगी शाळेंत गेली ती फक्त चौथ्या इयत्तेपर्यंत. घरांत बोलली जाई ती सार्डिनियन. इटालियन भाषा तिनें परभाषेसारखी शिकून घेतली. सतराव्या वर्षीं तिची पहिली कथा रोमच्या एका फॅशनविषयक नियतकालिकांत छापून आली, तेव्हां गांवानें कौतुक करण्याऐवजीं नाक मुरडलें. 'कोझिमा' या तिच्या आत्मचरित्रपर पुस्तकांत एक प्रसंग आहे: हस्तलिखित टपालानें धाडण्यास पैसे नाहींत, म्हणून मुलगी घरच्या तळघरांतून थोडें ऑलिव्हचें तेल चोरून विकते. पुढें मोठा मान मिळालेल्या लेखिकेला म्हातारपणीं तें तेल आठवावें, यांत मला तिच्या सर्व मानपत्रांपेक्षां अधिक कांहीं दिसतें.

आतां मातील्दे सेराओ. हिच्यापाशीं मात्र जरा बसावयास हवें.

सेराओचा जन्म १८५६ सालीं ग्रीस देशांत पात्रास येथें झाला. वडील नेपल्सचे, राजकारणापायीं परागंदा झालेले, वर्तमानपत्रांत लिहिणारे, आई ग्रीसमधली. पुढें कुटुंब नेपल्सला परतलें. घरची स्थिति ओढगस्तीची. मुलगी आठनऊ वर्षांची होईपर्यंत तिला वाचतां येत नव्हतें. नंतर ती शिक्षिकांच्या विद्यालयांत शिकली, आणि १८७४ च्या सुमारास नेपल्सच्या सरकारी तारखात्यांत नोकरीला लागली. तीन वर्षें तिनें ती नोकरी केली. १८९२ सालीं तिनें व तिच्या नवऱ्यानें मिळून 'इल मात्तीनो' हें दैनिक काढलें, तें अजूनही निघत आहे. आणि नवऱ्याशीं पटेनासें झाल्यावर १९०४ सालीं तिनें आपलें निराळें दैनिक सुरू केलें. इटलींत दैनिक वर्तमानपत्र स्थापन करणारी ती पहिली स्त्री. इतका व्याप संभाळणारी ही बाई घटस्फोटाच्या कायद्याच्या मात्र विरुद्ध होती, आणि तें ती उघडपणें लिहीत असे. लेखकाचीं मतें आणि लेखकाच्या कथा एकाच दारानें आंत येतात असें नाहीं.

तारखात्यांतील दिवसांवर तिनें एक दीर्घ कथा लिहिली; १८८६ सालच्या तिच्या संग्रहांत ती आहे. हिंवाळ्यांतल्या सकाळीं मारिया विताले नांवाची मुलगी उजाडण्यापूर्वीं, थंडींत, कामावर निघते. कचेरी सरकारी, पण मुलींचा विभाग मठासारखा बंदिस्त. नोकरीवर राहावयाचें तर लग्न करतां कामा नये. उशीर झाला तर दंड. पुरुषांच्या विभागाशीं बोलणें वर्ज्य. आणि तरीही तारेच्या दुसऱ्या टोंकाला, दूरच्या गांवीं, एखादा तरुण बसलेला असतो व कडकट्टच्या भाषेंत दोन शब्द जास्त पाठवितो. हजारों माणसांचीं सुखदुःखें ज्यांच्या बोटांखालून जातात त्या मुलींना स्वतःचें म्हणून काय, तर तेवढे दोन चोरटे शब्द.

या कथेंत नायिका नाहीं. सेराओनें आपल्या प्रस्तावनेंत सांगितलें आहे कीं या संग्रहांतील कथांत कोणी एक मुख्य पात्र नाहीं, किंवा असें म्हणा, सर्वच मुख्य आहेत. पंचवीसतीस मुली एका दमांत रंगवाव्या, एकीची चप्पल, दुसरीचा खोकला, तिसरीची खोटी ऐट, आणि त्यांतून एक घोळका उभा राहावा, ही किमया मोठमोठ्या कादंबरीकारांनाही साधत नाहीं. कथेच्या उत्तरार्धांत सार्वत्रिक निवडणुकीचा दिवस येतो. तारांचा पाऊस पडणार म्हणून जादा काम करावयास कोण तयार आहे असें विचारलें जातें, आणि थकलेल्या, कमी पगाराच्या त्या पोरी उत्साहानें पुढें होतात. देशाचा कौल त्यांच्या हातांतून जातो. मघाशीं मीं सांगितलेलें १९४६ साल येथें आठवावें. सेराओ स्वतः त्यावर एक अक्षर बोलत नाहीं.

तिची दुसरी कथा याहून लहान आणि माझ्या मतें याहून सरस. 'केक्कीनाचें शील' तिचें नांव. पुस्तकरूपानें ती १८८४ सालीं आली. केक्कीना ही रोममध्यें राहणाऱ्या एका डॉक्टराची बायको. सुंदर, भोळी, आणि काटकसरीनें जेरीस आलेली. नवरा वाईट नाहीं, पण पै पै मोजणारा. जेवला कीं पेंगणारा. घरांत एक मोलकरीण, ती देवभोळी, करडी, आणि मालकिणीवर नजर ठेवणारी. एके दिवशीं नवरा एका उमरावाला जेवावयास बोलावतो. आतां पंचाईत पहा: मेजावर घालावयाचें कापड, भांडीं, पदार्थ, सर्वांचीच चणचण. सेराओ या जेवणाच्या तयारीचें जें वर्णन करते त्यांत एखाद्या वेढा पडलेल्या किल्ल्यांतील दाणागोट्याच्या हिशेबाची गंभीरता आहे. उमराव येतो, जेवतो, आणि यजमान डुलक्या घेत असतां यजमानिणीला आपल्या घरीं भेटीस येण्याचें हळूच निमंत्रण देतो.

केक्कीना जावयाचें ठरविते. येथून पुढें दुसऱ्या एखाद्या लेखकानें मनाचें द्वंद्व, पश्चात्ताप, देवळांतील प्रार्थना, असा सारा सरंजाम मांडला असता. सेराओ विचारते, ती जाणार तरी काय घालून? धड झगा नाहीं. पाऊस पडतो आहे, आणि घरांत बरी छत्री नाहीं. मोलकरणीला काय सांगावयाचें? पहिला बेत असाच अडचणींत विरतो. मग पुन्हा एकदां ती धीर करून निघते, त्या घरापाशीं पोंचते, तों दारांत तेथला दरवान उभा! तो तिच्याकडे पाहतो. बस्स, इतकेंच. तिचा पाय उचलत नाहीं; ती पुढें जाते, पुन्हा मागें येते, दरवान तेथेंच आहे, आणि अखेर ती घरची वाट धरते. शील राहिलें.

पहिल्यानें वाचली तेव्हां मी पोट धरून हंसलें. दुसऱ्यानें वाचतांना हंसूं तितकें आलें नाहीं. केक्कीनाला पाप करण्याचें स्वातंत्र्य असावें असें सेराओचें म्हणणें नाहीं. तसलें कांहींच म्हणणें तिच्या कथेंत नाहीं. पण जिच्या हातीं छत्रीपुरते पैसेही नाहींत, तिच्या सद्गुणाला सद्गुण म्हणावें कीं नाइलाज म्हणावा, हा प्रश्न तिनें शीर्षकांतच ठेवून दिला आहे, आणि तो कोठेंही मोठ्यानें विचारलेला नाहीं. ही कथा लिहिली तेव्हां सेराओ तिशीच्याही आंत होती.

आतां चवथी, जिच्यासाठीं खरें म्हणजे हें सारें भाषण आहे.

मारिया मेस्सीना सिसिलीची. १८८७ सालीं पालेर्मो येथें तिचा जन्म झाला. वडील शाळाखात्यांत निरीक्षक, पण मुलगी कधीं शाळेंत गेली नाहीं. आईनें आणि थोरल्या भावानें घरींच शिकविलें. वडिलांच्या बदल्यांमुळें बिऱ्हाड या गांवाहून त्या गांवीं फिरत असे. १९०३ पासून १९०९ पर्यंत हें कुटुंब मिस्त्रेत्ता नांवाच्या डोंगराळ गांवीं होतें, आणि तिच्या कथांतील पुष्कळशा गल्ल्या, सज्जे आणि अर्धवट लोटलेलीं दारें त्या गांवचीं आहेत. १९०९ सालीं तिचा पहिला कथासंग्रह निघाला. नांव 'बारीक दातांच्या फण्या'. वय बावीस. त्याच सुमारास तिनें सिसिलीचा थोर कथाकार जोव्हान्नी व्हेर्गा याला भीत भीत पत्र लिहिलें. पुढें दहा वर्षें हा पत्रव्यवहार चालला.

तिची 'अमेरिका' ही कथा घ्या. सिसिलीचे शेतकरी त्या नांवाचा पहिला स्वर गिळून 'मेरिका' म्हणत, आणि कथेचें शीर्षकही तसेंच आहे. त्या काळीं इटलींतून परदेशीं जाणाऱ्यांचा लोंढा किती मोठा होता पहा: १९१३ या एका वर्षांत आठ लाखांवर माणसें देश सोडून गेलीं. बोटींतून गेलेल्यांविषयीं पुष्कळांनीं लिहिलें. मेस्सीनाची नजर धक्क्यावर राहिलेल्यांकडे आहे. मारियानो नांवाच्या तरुणाला अमेरिकेचें वेड लागतें. त्याची बायको कातेना हट्ट धरते कीं मीही येणार. तान्हें मूल, सामान, निरोप, सगळें होतें; आणि पालेर्मोच्या बंदरांत डॉक्टर तिचे डोळे पाहून तिला परत पाठवितो. डोळ्यांचा तो सांसर्गिक विकार असलेल्यांना अमेरिकेंत उतरूं देत नसत. नवरा जातो, ती गांवीं परतते, आणि पुढें तिचें चित्तच ठिकाणावर राहत नाहीं. कथेंत दुष्ट असें कोणी नाहीं. डॉक्टर आपलें काम करतो. नवराही वाईट नाहीं. त्याचें तिकीट काढलेलें आहे, एवढेंच.

इटालियन भाषेंत 'माहेर' असा एक शब्द नाहीं. 'वडिलांचें घर' असें दोन शब्दांनीं सांगावें लागतें. त्याच नांवाची मेस्सीनाची एक कथा आहे. तिचें मराठी भाषांतर करावयाचें झालें तर भाषांतरकाराला 'माहेर' हा शब्द आयताच मिळेल, आणि तेथेंच तो फसेल. कारण आपल्या या शब्दाला ओव्यांचा आणि आंबराईचा गोडवा चिकटलेला आहे, आणि ही कथा तो गोडवा एकेक पदर करून उलगडून टाकते. व्हान्ना नांवाची स्त्री संसारांत सुख नाहीं म्हणून रोमहून नवऱ्याचें घर सोडून सिसिलीला वडिलांच्या घरीं येते. कोणी तिला हाकलून देत नाहीं. सर्वजण चांगलें बोलतात. पण घरांत आतां भावजया आहेत. तिची म्हणून जी जागा होती तींत दुसऱ्यांचा संसार मांडला गेला आहे. पाहुणी किती दिवस राहणार हा प्रश्न कोणी तोंडानें विचारीत नाहीं, तो जेवणाच्या मेजावर बसलेला असतो. आईला सारें कळतें. आईच्या हातांत कांहीं नाहीं. पुरुषमंडळींचें मत पडतें कीं तिनें परत जावें हें बरें. शेवटीं नवरा तिला न्यावयास येतो, आणि व्हान्ना समुद्राकडे जाते.

शेवट मी जेवढा रुक्षपणें सांगितला तेवढ्याच रुक्षपणें मेस्सीनानेंही तो सांगितला आहे असें नव्हे. तिच्या लिहिण्यांत एक मऊपणा आहे. पण रडारड नाहीं. तिच्या पात्रांना आपलें दुःख मांडण्याची भाषाच येत नाहीं, आणि लेखिका त्यांच्या तोंडीं ती घालीत नाहीं. कित्येक कथांत तिच्या बायका शिवतात, वाती सारख्या करतात, सज्जांतून रस्ता पाहतात. आणि पान संपतां संपतां आपल्या लक्षांत येतें कीं एक सबंध आयुष्य नासून गेलें. तिचे दोष सांगावयाचे तर तेही आहेत. कांहीं कथा एकाच साच्याच्या वाटतात, आणि दहा एका बैठकींत वाचल्या तर जीव गुदमरतो. मासिकांत महिन्याला एक याप्रमाणें त्या वाचणारे वाचक अधिक भाग्यवान असले पाहिजेत.

१९१० च्या सुमारास बोर्जेझे या नामांकित टीकाकारानें तिच्यावर लेख लिहिला. लेख अनुकूल होता. पण त्याच्या मथळ्यांत तिला 'व्हेर्गाची शिष्या' म्हटलें होतें, आणि ती चिठ्ठी तिच्या नांवाला कायमची चिकटली. व्हेर्गाचें ऋण ती स्वतः मानीत होती, म्हणून शब्द अगदींच खोटा नव्हे. पण आतां मघाशीं थांबवून ठेवलेल्या पेर्कोतोला बोलावूं या. १८७१ सालीं याच व्हेर्गाची एका मठांत कोंडलेल्या मुलीवरची कादंबरी प्रसिद्ध झाली, तिनें त्याचें नांव प्रथम सर्वतोमुखीं झालें. त्या तरुण, अपरिचित लेखकाच्या पुस्तकाच्या आरंभीं प्रस्तावना म्हणून एक पत्र छापलें होतें. तें पत्र दाल्लोंगारो या साहित्यिकानें लिहिलेलें, आणि लिहिलेलें कोणाला, तर कातेरीना पेर्कोतोला. हें पुस्तक आपण पाहावें म्हणून. म्हणजे गुरुजींचें पहिलें यश एका लेखिकेच्या नांवाचा आधार घेऊन बाहेर पडलें होतें. शेतकऱ्यांचें जिणें त्यांच्याजवळ बसून लिहावयाचें, हें काम व्हेर्गाच्या कितीतरी आधीं फ्रिउलीच्या त्या खेड्यांत सुरू झालेलें होतें. तरी व्हेर्गाला पेर्कोतोचा शिष्य कोणी म्हटलें नाहीं. तसें म्हणावें असा माझाही आग्रह नाहीं. फक्त चिठ्ठ्या कोणाच्या पाठीवर लागतात, तें पहा.

मेस्सीनाला तरुणपणींच मज्जातंतूंच्या असाध्य व्याधीनें गांठलें. हातपाय हळूहळू निकामी होत गेले. १९२८ नंतर तिचें नवें पुस्तक निघालें नाहीं. १९४४ च्या जानेवारींत, युद्धाच्या धामधुमींत, तोस्कानांतील पिस्तोया शहराजवळ ती वारली, तेव्हां तिची दखल घेण्याच्या मनःस्थितींत कोणी नव्हतें. पुढें साहित्याच्या इतिहासांत तिचें नांव दिसेनासें झालें. १९८० च्या सुमारास लेओनार्दो शाशा या सिसिलियन लेखकाला तिच्या जुन्या कथा सांपडल्या, त्यानें त्यांविषयीं लिहिलें, आणि पालेर्मोच्या सेल्लेरिओ प्रकाशनानें त्या लहान लहान सुबक पुस्तकांच्या रूपानें पुन्हा छापल्या. त्यांतलें पहिलें पुस्तक 'वडिलांचें घर' हेंच होतें. आतां इंग्रजींतही तिच्या कथांचीं भाषांतरें मिळतात. ज्यांना इटालियन येत नाहीं त्यांनीं निदान तीं तरी मिळवावीं, आणि एका दिवशीं एकच कथा वाचावी.

२००९ सालीं मारिया मेस्सीनाच्या आणि तिच्या आईच्या अस्थि पिस्तोयाहून सिसिलींत मिस्त्रेत्ता येथें नेण्यांत आल्या. वडिलांची बदली होऊन बिऱ्हाड त्या गांवांतून हललें होतें, त्याला तेव्हां बरोबर शंभर वर्षें झालीं होतीं.